सत्तेचाळीस मेंढ्यांचे कान

कालमुरातला त्रेसष्ट वर्षं पुरी झाली आणि घरानं घोडी कापून गावाला जेवण घातलं, ते वर्ष २०१६. पैगंबरांनी जितकं आयुष्य पाहिलं तितकं आपणही पाहिलं, आता पुढचं सगळं वरकड, म्हणून हे जेवण घालायची रीत. मे महिना होता. डोंगरावर जायला अजून आठवडा होता आणि ताश-बुलाक गावातली झाडून सगळी माणसं अंगणात बसली होती. कुरण समितीचा प्रमुख चिनीबाय उभा राहून बोलला.

"पस्तीस वर्षं या माणसानं आपली मेंढरं वर नेली आणि खाली आणली. आपल्याच मेंढ्या आपल्याला बघून पळतात, याला बघून येतात. आता बोला."

लोक हसले. कालमुरातनं पांढरी टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली. त्याची सून जिपार चहा ओतत होती. सासऱ्याचे कान लाल झालेले तिनं पाहिले आणि त्याचा पेला जरा जास्तच भरला.

ऑगस्टच्या शेवटी तोच चिनीबाय त्याच माणसाबद्दल जे बोलू नये ते बोलला.

झालं असं, की वीस ऑगस्टला वरच्या कुरणावर अवेळी बर्फ पडलं. त्यामागून धुकं आलं, ते तीन दिवस हललं नाही. सहाशे मेंढरांचा कळप होता. धुकं उठल्यावर कालमुरातनं मोजली तर सत्तेचाळीस कमी. अकरा घरांची होती ती. नऊ दिवस तो घोड्यावर बसून घळी धुंडाळत होता. खिंडीपर्यंत गेला, खिंडीपलीकडे थोडा उतरलाही. ना मेंढी, ना हाड, ना लोकरीचा पुंजका. शेवटी कळप जोडीदाराच्या हवाली करून तो गावात सांगायला खाली आला.

समितीच्या खोलीत माणसं जमली. जिपार सासऱ्याचं जेवण घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

चिनीबाय कालमुरातचा चुलत भाऊ, वयानं लहान, आवाजानं मोठा. थोरल्या भावाला हाक मारतात तशी मारून तो म्हणाला, "अके, लांडगा खातो तेव्हा हाडं मागे ठेवतो. हाडंसुद्धा ठेवत नाही तो बाजार."

बाजार म्हणजे विकून टाकली, असाच त्याचा अर्थ.

कालमुरात म्हणाला, "कळप तीस सप्टेंबरला उतरेल. तोवर सापडली नाहीत तर माझ्यातली भरून देईन. पण बाजाराचं बोललास ते मागे घे."

"मेंढरं येऊ देत, मागे घेतो."

"नाही आली तर?"

"नाही आली तर पुढच्या वसंतात कळप दुसऱ्याकडे. आणि शब्द आहे तिथंच."

कालमुरात उठला आणि जेवण न घेताच घरी गेला. जिपार भांडं हातात धरून त्याच्या मागून चालत राहिली. त्या दिवशी त्यानं चहा अर्धा ठेवला. सासू तुर्दुकान तो पेला धुवायला उचलेना. "चाळीस वर्षांत यांनी कधी चहा टाकला नव्हता," एवढंच म्हणाली आणि पेला तिथंच राहू दिला.

जिपारचा नवरा अझिस मॉस्कोत इमारतींवर काम करत होता. त्यानं फोनवर विचारलं, "गावाच्या गटात टाकलंत का?"

गावाचा फोनवरचा गट दीड वर्षापूर्वी निघाला होता आणि तोही चिनीबायनंच काढलेला. त्या वर्षी खोऱ्यात सगळीकडे हीच हवा होती. ज्याच्याकडे फोन तो चार-चार गटांत. जिपारनं गटात लिहिलं: सत्तेचाळीस मेंढ्या, वरच्या कुरणातून, अमुक तारखेला. तासाभरानं उघडलं तर तिचं लिहिणं दिसेना. मधे कुणाच्या तरी नातवानं पहिलं पाऊल टाकलं होतं. त्याला बत्तीस जणांचे आशीर्वाद, आशीर्वादांखाली गुलाब, गुलाबांखाली जुम्म्याच्या शुभेच्छा, त्याखाली नाचणारं मांजर. बोट दुखेपर्यंत वर सरकवल्यावर तिला तिच्या मेंढ्या सापडल्या. खाली एकानं हात जोडलेले होते. बस.

तिची एक मावसबहीण खिंडीपलीकडच्या खोऱ्यात दिली होती. तिनं जिपारला तिकडच्या दोन गटांत घातलं. तिथं तिसऱ्या दिवशी जिपारला एक फोटो दिसला. धूसर, कुंपणाला टेकलेल्या मेंढ्या. खाली लिहिलेलं: परक्या मेंढ्या आमच्यात आल्या आहेत, कुणाच्या आहेत?

दिलेल्या क्रमांकावर तिनं फोन केला. त्या माणसानं तो फोटो दुसऱ्याकडून घेऊन पुढे ढकलला होता. दुसऱ्यानं तिसऱ्याकडून. पाचव्या माणसाला काहीच आठवत नव्हतं. "पुण्य लागेल म्हणून पाठवला, ताई. फोटो कुणाचा, कधीचा, ते मी कशाला बघू?"

जिपार फोन मांडीवर ठेवून बसली. हरवणारा एका खोलीत ओरडतोय, सापडलेला दुसऱ्या खोलीत ओरडतोय, आणि दोन्ही खोल्यांत लग्नाची वरात नाचतेय. ओरडण्यात काही कमी नव्हतं. ऐकायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झाल्यावर तिनं सासूला सांगितलं, "अपा, मी साइट काढते."

"ती कशी असते?"

"गट असतो ना, तिथं बोललेलं वाहून जातं. साइटवर ठेवलेलं जागेवर राहतं. फळीवर ठेवलेल्या भांड्यासारखं. हवं तेव्हा जायचं, बघायचं."

"मग काढ की. दुपारच्या भाकरीआधी होईल?"

लग्नाआधी जिपार बिश्केकमध्ये छपाईच्या दुकानात दोन वर्षं कामाला होती. तिथं तिनं अतिथीगृहांच्या, दाताच्या डॉक्टरांच्या साइटी बनवल्या होत्या. तिथलाच एक जुना लॅपटॉप लग्नात तिच्या पेटीतून आला, गाद्यांच्या थप्पीत सात वर्षं झोपला होता. तिनं तो काढला. अझिसनं बुटांसाठी पाठवलेल्या पैशांत साइटची जागा घेतली. नाव ठेवलं 'एन'. मेंढीच्या कानावर घराघराची जी खूण कापतात तिला किरगिझ माणूस एन म्हणतो. नाव तिला आवडलं म्हणून ठेवलं, त्यापलीकडे तिच्या डोक्यात तेव्हा काही नव्हतं.

घरात नेट येत नसे. गोठ्याच्या छपरावर गवताची गंज होती, तिथं यायचं. जिपार शिडीनं वर चढून गंजीत बसू लागली.

"गवत दाबू नकोस गं," तुर्दुकान खालून ओरडायची. "हिवाळ्यात गाय तुझी साइट खाणार नाही."

शहरात शिकली होती तशीच तिनं मांडणी केली. मालकाचं नाव, गाव, फोन, काय हरवलं, कधी. नाव लिहा आणि शोधा. मग अकरा घरांची यादी भरायला बसली आणि पहिल्याच रकान्यात घोडं अडलं.

ताश-बुलाकमधली निम्मी घरं एकाच कुळाची. म्हणजे निम्मे पुरुष जिपारचे सासरे नाहीतर थोरले दीर. आणि किरगिझ सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नुसतं नाव नाही, नावासारखा शब्दसुद्धा नाही. शेजारच्या तेमिरच्या नावाचा अर्थ लोखंड, म्हणून जिपार लोखंडाला सात वर्षं 'कठीण' म्हणत होती. दुकानात जाऊन "कठीण तार द्या" म्हणायची आणि दुकानदार बरोबर तीच तार द्यायचा.

तिनं सासूला छपराखाली बसवलं. स्वतः शिडीवर बसली.

"पहिलं घर कुणाचं, अपा?"

"विहिरीजवळच्यांचं."

"दाखल्यावर काय नाव आहे?"

"ते माझे थोरले दीर. चाळीस वर्षांत मी त्यांचं नाव घेतलं नाही, आता तुझ्या यंत्रासाठी घेऊ? तू घे."

"मला कसं घेता येईल?"

"मग सोड. पुढचं."

"पुढचे मोठ्या आवाजाचे अता." सासऱ्यांच्या पिढीला जिपार अता म्हणे.

"त्याचं घेते मी. चिनीबाय. लहान आहे मला, नाक पुसलंय मी त्याचं. लिही."

जिपारची बोटं तशीच राहिली. "तुम्ही घेतलंत, पण लिहायचं मला आहे ना."

तुर्दुकाननं लोकर विंचरणं थांबवलं. "लिहिलं तर घेतल्यासारखं होतं?"

"बोटानं घेतल्यासारखंच की."

"खरंय," म्हातारी विचार करून म्हणाली. "बोट तोंडापेक्षा वाईट. तोंडचं वाऱ्यावर जातं."

दुपारपर्यंत अकरातली तीन नावं लिहून झाली. उरलेल्यांत 'तपकिरी घोडीवाले', 'मशिदीमागचे', 'कमी ऐकू येणारे' असले प्रकार. आणि आपल्याच घराचा रकाना कोरा. सासऱ्याचं नाव जिपार लिहिणार नव्हती आणि नवऱ्याचं नाव तुर्दुकान घेणार नव्हती.

"खिंडीपलीकडच्या माणसाला 'कमी ऐकू येणारे' म्हणजे काय कळणार, अपा?" जिपारचा आवाज रडवेला झाला होता. "बावीस दिवस राहिलेत."

तुर्दुकान उठली. गोठ्याजवळ दुधासाठी ठेवलेली एक मेंढी होती. म्हातारीनं तिला दोन पायांत धरलं आणि तिचा डावा कान बोटांत घेऊन सुनेकडे वळवला.

"खिंडीपलीकडच्या माणसाच्या दारात काय आलंय? तुझे सासरे आलेत? मेंढी आलीय. मेंढी नाव सांगते का? हे सांगते. डावा कान, पुढून एक खाच, टोक कापलेलं. उजवा साफ. हे आपलं घर. विहिरीजवळच्यांचं, उजव्याला चीर आणि डाव्याला भोक. चिनीबायचं, दोन्ही कानांना मागून खाच. काय लिहितेस? चित्र काढ."

जिपार शिडीवरून उतरली. मेंढीचा कान तिनं स्वतःच्या हातात घेतला, उलटा करून पाहिला. जुन्या खाचेची कड मऊ झाली होती.

"सगळ्या घरांचे सांगता येतील तुम्हाला?"

"जी घरं उरली नाहीत त्यांचेही सांगते."

दोन दिवस तुर्दुकान सांगत राहिली आणि जिपार काढत राहिली. नावाचा रकाना तिनं पुसूनच टाकला. साइट उघडली की आता मेंढीचे दोन मोठे कान दिसायचे, डावा आणि उजवा. पुढून खाच असेल तर तिथं बोट ठेवायचं, भोक असेल तर तिथं. कान जुळला की खाली फोन क्रमांक, सध्या सगळ्यांसाठी जिपारचाच. अक्षर एकही वाचावं लागत नव्हतं. अकरा घरांचे म्हणता म्हणता चौसष्ट घरांचे कान झाले, कारण तुर्दुकान थांबेचना.

जिपारनं साइटचा पत्ता गावाच्या गटात टाकला. चिनीबायचं बोलणं लगेच आलं, आवाजातच, सगळ्यांनी ऐकावं असं. "सूनबाई, जग गटात आलंय आणि तू गाव सोडून माळावर दुकान मांडतेस. तुझ्या त्या कानांकडे कोण फिरकणार? मेंढ्या?"

खाली हसणारी अठरा तोंडं. मग कुणाच्या तरी मुलाच्या सुंतेच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि पत्ता वाहून गेला.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तीन दिवसांत साइटवर चार माणसं आली. त्यातला एक अझिस, मॉस्कोहून, दोनदा.

तेव्हा जिपारनं दुसरी वाट धरली. जिल्ह्याच्या गावी जाऊन तिनं तीनशे कागद छापून आणले. वर दोन कान, खाली पत्ता, आणि एकच ओळ: परकी मेंढी आली? कान दाखवा. गुरांच्या बाजाराच्या फाटकावर तिनं ते चिकटवले. मीठवाल्याच्या दुकानात, पशुवैद्याच्या दारावर, खिंडीतून जाणाऱ्या टॅक्सींच्या मागच्या काचेवर लावले. टॅक्सीवाले कुरकुरले. "बहिणी, मला मागचं दिसायचं कसं?" एक जण म्हणाला. त्याच्या बायकोच्या माहेरचा कान साइटवर आहे हे तिनं काढून दाखवलं, मग त्यानं दुसरा कागद मागून घेतला आणि पुढच्या काचेवरही लावला.

पाचव्या दिवशी फोन आला. खिंडीपलीकडून एक माणूस बोलत होता. त्याच्या शेजाऱ्याच्या वाड्यात तीन मेंढ्या, डाव्या कानाला पुढून खाच, टोक कापलेलं, उजवा साफ. कालमुरातच्याच घरचा कान.

कालमुरात तोवर साइटबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. फोन आला त्याच्या दुसऱ्या पहाटे त्यानं घोड्यावर खोगीर टाकलं आणि निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामाच परतला.

"मेंढ्या त्या माणसाच्याच निघाल्या," तो म्हणाला. "बापजाद्यांपासून त्यांचाही तोच कान आहे. मी त्याच्या वाड्यात शिरून त्याच्याच मेंढीचा कान धरला. चोर म्हणाला मला. चार माणसांत म्हणाला." थोडं थांबून तो म्हणाला, "इकडे एक जण म्हणत होता, आता दोन्ही बाजूंनी झालं."

जिपारला बसल्या जागी जमीन फाटावी असं झालं. एका कानाचं एकच घर, हे तिनं गृहीत धरलं होतं. ताश-बुलाकमध्ये ते खरंच होतं. डोंगर ओलांडला की दुसरं कुळ, दुसरा चाकू, पण कान तोच.

"अता, मी बंद करते ते," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं."

कालमुरात पायरीवर बसून बूट काढत होता. एक बूट काढून तो तसाच बसला.

"रंग कुठंय त्यात?"

"कसला रंग?"

"पाठीवरचा. आपण वसंतात मेंढीच्या ढुंगणावर लाल लावतो. त्यांची निळी होती, खांद्यावर. मी दारातूनच पाहिलं होतं. पण फोनवर कान सांगितला तुम्ही, म्हणून गेलो आत." त्यानं दुसरा बूट काढला. "आणि शिंगांचं विचार. आपल्याकडे माद्यांना शिंगं नाहीत. आणि कान कधी कापलाय ते. जुनी खाच गोल होते, नवी धारदार असते. चोरानं कान बदलला तर तिथंच कळतं. हे सगळं घालता येतं का?"

"येतं."

"मग बंद कशाला करतेस? घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रेसष्ट वर्षांचा मेंढपाळ शिडी चढून गवताच्या गंजीवर जाऊन बसला. खालून तुर्दुकान म्हणाली, "आता दोघं दाबा गवत." पण त्यांच्यासाठी चहा तिनं वरच पाठवला, दोरीला किटली बांधून. कालमुरात सांगत होता, जिपार घालत होती. कानाखाली रंग आला, रंगाची जागा आली, शिंगं आली, डोंगराची ही बाजू की ती बाजू हे आलं. मधेच तो म्हणाला, "इथं बोट ठेवलं की काय होतं?" आणि ठेवून पाहिलं. विहिरीजवळच्यांचा कान उघडला. त्यानं तो मिटला, परत उघडला. असं बराच वेळ चाललं.

चोवीस सप्टेंबरला सकाळी जिपार गंजीवर बसली असताना तिचा फोन वाजला. पलीकडून एक बाई मोठ्यानं बोलत होती, फोनवर विश्वास नसलेली माणसं बोलतात तशी.

"मी सोनुनबू, खिंडीपलीकडच्या अक-कुयाची. म्हातारी आहे, अक्षर दिसत नाही. मेंढ्यांचे कान लावलेत ते तुम्हीच का?"

"आम्हीच, एजे. बोला."

"माझ्यात परकी मेंढरं शिरलीत, बर्फ पडलं तेव्हापासून. गटात सांगितलं पोरीकडून. चाळीस गुलाब आले, मालक एक आला नाही. फुलं काय मेंढ्यांना घालू? काल टॅक्सीच्या काचेवर कान पाहिले. त्या टॅक्सीवाल्याला थांबवून त्याच्याच फोनवर बोट ठेवलं. दोन्ही कानांना मागून खाच, ढुंगणावर लाल. तुमचा क्रमांक निघाला."

दोन्ही कानांना मागून खाच म्हणजे चिनीबायच्या मेंढ्या. जिपारनं विचारलं, "अशा किती आहेत, एजे?"

"अशा सहा. उजव्याला चीर आणि डाव्याला भोक अशा चार. सगळी मिळून एकोणीस. आणि ऐक, माझ्या भाच्याकडे नदीपलीकडे बावीस आहेत, तोही महिनाभर विचारतोय. त्याला म्हटलं, गाढवा, गटात काय विचारतोस, कान बघ. तो बघतोच आहे."

जिपार गंजीवरून उतरली ती शिडीच्या पायऱ्या न मोजता. कालमुरात घोड्याचा नाल ठोकत होता. तिच्याकडे बघून त्यानं हातोडा खाली ठेवला.

आनंदाची बातमी आणणाऱ्यानं आधी बक्षीस मागायचं, मग बातमी सांगायची, ही रीत. त्या बक्षिसाला सुयुंचू म्हणतात आणि ते नाकारता येत नाही.

"सुयुंचू, अता," जिपार म्हणाली. बोलताना तिला धाप लागली होती.

कालमुरातनं तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "माग," तो म्हणाला. "काय मागायचं ते माग."

"मागेन, तीस तारखेला. एक्केचाळीस सापडली."

घोड्याचा पाय अजून त्याच्या मांडीवर होता, तो त्यानं अलगद खाली सोडला आणि घोड्याच्या मानेला कपाळ टेकून उभा राहिला.

पुढच्या चार दिवसांत आणखी दोन ठिकाणांहून तीन मेंढ्यांचा पत्ता लागला. उरलेल्या तिघींची हाडं एका गुराख्यानं घळीत पाहिली होती. त्यातल्या एकीचा कान शाबूत होता. त्यानं तो वाळवून जपून ठेवला होता आणि साइट दिसल्यावर त्याचा फोटो पाठवला. तपकिरी घोडीवाल्यांची मेंढी होती ती. कालमुरातनं फोटो पाहिला आणि म्हणाला, "लांडगा खरा. हाडं ठेवतो."

तीस सप्टेंबरला कळप उतरला. गावाच्या खालच्या बाजूला दगडी वाडगं आहे, तिथं घरोघरची माणसं आपापली मेंढरं निवडायला येऊन उभी राहिली होती. आधी सहाशेतली उरलेली आली, धुळीचा लोट उडवत. मागून खिंडीपलीकडून गोळा करून आणलेला लहान कळप घेऊन कालमुरात आला, चव्वेचाळीसांचा. तो ओरडला नाही, हात केला नाही. वाडग्याचं फाटक उघडून बाजूला उभा राहिला आणि मेंढ्या एकेक करून आत गेल्या. बायका कान धरून बघत होत्या. "आपली," एक म्हणाली. "ही पण आपलीच," दुसरी म्हणाली. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यानं आपल्या मेंढीच्या दोन्ही कानांचे मुके घेतले.

चिनीबाय आपल्या सहा मेंढ्यांजवळ उभा होता. कान बघायचं त्याला धैर्य होईना. दुरूनच ओळखल्या त्यानं. मग तो वाडग्यातून वाट काढत कालमुरातसमोर आला.

"अके," तो म्हणाला. आवाज या वेळी लहान होता. "बाजाराचं बोललो ते मागे घेतो. चार माणसांत बोललो, सगळ्या गावात मागे घेतो."

"घेतलंस, झालं," कालमुरात म्हणाला.

"गटातही घेतो. आवाजात टाकतो."

"तिथं नको," कालमुरात म्हणाला. "वाहून जाईल."

जे हसले त्यात चिनीबायही होता. बाजूला उभी असलेली तुर्दुकान म्हणाली, "आणि सुयुंचू? सहा मेंढ्या काय हवेत उडत आल्या? सूनबाईचं देणं आहे तुझ्यावर." चिनीबायनं गुमान एक मेंढी धरून जिपारच्या हातात तिचा कान दिला.

मग कालमुरात सुनेकडे वळला. "माझ्यावर पण आहे. माग आता."

जिपारनं फोन काढला. साइट उघडली, त्यांच्या घरचा कान उघडला. डावा, पुढून खाच, टोक कापलेलं. खाली फोन क्रमांक होता आणि त्याखाली तिनं एक नवी रिकामी जागा केली होती. घरोघरच्या लोकांनी नाव आपल्या हातानं लिहावं म्हणून.

"इथं नाव नाहीये," ती म्हणाली. "मला लिहिता येत नाही, अपांना घेता येत नाही. तुम्ही लिहा."

कालमुरातनं फोन घेतला. जाड बोटाखाली एकेक अक्षर दोनदा उमटत होतं, तो पुसून परत लिहीत होता. माणसं वाट बघत होती, मेंढ्या बें बें करत होत्या, कुणी घाई केली नाही. लिहून झाल्यावर त्यानं फोन लांब धरून पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला दाखवलं. म्हाताऱ्यानं मोठ्यानं, साऱ्या वाडग्याला ऐकू जाईल असं वाचलं. मग तो म्हणाला, "माझं पण लिहायचंय," आणि त्याच्यामागे रांग लागली.

त्या हिवाळ्यात अक-कुयाच्या सोनुनबूनं तिकडच्या घरांचे कान सांगितले, फोनवरून, मोठ्यानं. कालमुरातला ज्यानं चोर म्हटलं होतं त्यानंही आपला कान पाठवला, आणि सोबत निरोप, की त्या दिवशी चहाला थांबायला हवं होतं. पुढच्या वर्षी घोड्यांना तापल्या लोखंडानं दिलेले डाग आले, मग गाईंचे. २०१९ मध्ये साइटवर तीन जिल्ह्यांतली चार हजारांवर घरं होती आणि तिथं गुलाब पाठवायची सोय नव्हती. गावाचा गट तसाच चालू राहिला. कुणाची मेंढी हरवली की चिनीबाय त्यात आवाजात सांगायचा, "इथं रडू नका. सूनबाईकडे जा, कान दाखवा." जिपारला पशुवैद्याच्या कचेरीत बसायला खोली आणि पक्कं नेट मिळालं. गंज गाईंसाठी राहिली.

कळप कालमुरातकडेच राहिला. आणखी पाच उन्हाळे त्यानं तो वर नेला आणि खाली आणला. १४ नोव्हेंबर २०२१ ला, अडुसष्ट वर्षांचा असताना, ताश-बुलाकमधल्या घरी तो वारला. तुर्दुकान त्याच्यामागून २०२३ च्या एप्रिलमध्ये गेली.